राज्याची भाषा बदलते, माणसे तिथेच राहतात

सप्टेंबर 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली जुनी दप्तरे सुटू लागली. मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. निजामकाळातले महसुली कागद बाहेर निघाले आणि लगेच एक अडचण पुढे आली. त्यातले पुष्कळसे कागद उर्दूत किंवा मोडीत होते आणि ते वाचणारी माणसे सरकारी नोकरीत फार थोडी उरली होती. मग उर्दू जाणणाऱ्यांचा, मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. 2 सप्टेंबर 2025 रोजी राज्य सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय काढला, तेव्हा तर खेड्यापाड्यांतल्या मराठी घरांत पणजोबांच्या नावाचा उर्दू कागद कुठे मिळेल याची चौकशी होऊ लागली.

पाऊणशे वर्षांपूर्वी याच भागात उर्दू येत नसेल तर सरकारी नोकरीचा दरवाजा उघडत नसे. मधल्या काळात राज्याची भाषा बदलली. मराठी शेतकऱ्याच्या जमिनीचा आणि जातीचा पुरावा एका भाषेत अडकून राहिला आणि ती भाषा घरात बोलणारी माणसे त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे राहत राहिली. राज्य गेले की त्या राज्याच्या भाषेचे काय होते आणि ती बोलणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न 1991नंतर साऱ्या जगाने रशियन भाषेच्या निमित्ताने चर्चिला. सोव्हिएत संघ मोडला आणि एस्टोनियापासून कझाकस्तानपर्यंत लक्षावधी रशियनभाषक घर न सोडता परक्या राज्यात जाऊन पडले. मराठवाड्याने हाच अनुभव त्रेचाळीस वर्षे आधी, निजामाचे राज्य गेले तेव्हा, घेतला आहे. त्याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही, आणि ती लासूर स्टेशनसारख्या गावात जितकी स्पष्ट दिसते तितकी राजधानीत दिसत नाही.

रेल्वेने वसवलेले गाव

लासूर स्टेशन हे गावाचेच नाव आहे. शिवना नदीच्या काठी दाक्षायणी देवीचे लासूरगाव वेगळे, आणि रुळांच्या कडेने वाढलेले हे बाजाराचे गाव वेगळे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग एकोणिसावे शतक संपता संपता बांधला गेला. निजामाच्या रेल्वेने गोदावरी खोऱ्यातला कापूस आणि धान्य मनमाडला आणून मुंबईच्या वाटेला लावले. दौलताबाद, पोटूळ, लासूर, करंजगाव, परसोडा, रोटेगाव अशी ही स्थानके. जिथे गाडी थांबली तिथे व्यापारी आले, जिथे व्यापारी आले तिथे हमाल, गाडीवान, लोहार, पिंजारी, खाटीक, शिंपी आले. मारवाडी आणि गुजराती पेढ्या उभ्या राहिल्या. आज लासूर स्टेशन गंगापूर तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव आहे. इथल्या बाजार समितीतले कांद्याचे भाव रोज वर्तमानपत्रांत छापून येतात.

हा सारा व्यवहार अनेक भाषांत चालतो आणि कुणाला त्याचे विशेष वाटत नाही. शेतकरी मराठवाडी बोलीत बोलतो. मारवाडी आडत्याच्या घरात मारवाडी आणि गल्ल्यावर मराठी. कन्नड आणि वैजापूर तालुक्यांतल्या तांड्यांवरून येणारे बंजारा मजूर आपसात गोरमाटी बोलतात. मुसलमान कारागीर, फळवाले, गुरांचे व्यापारी घरी जे बोलतात त्याला ते उर्दू म्हणतात, आणि भाषेचे अभ्यासक दख्खनी. गिऱ्हाईक समोर आले की हीच माणसे मराठीत येतात, आणि तीही पुस्तकी मराठीत नव्हे, तर गंगापूर-वैजापूरच्या बोलीत, तिच्या हेलासकट. मराठी माणसे मुसलमान दुकानदाराशी बोलताना उलट दख्खनीत शिरतात. हा बदल वाक्याच्या मध्यावर होतो आणि दोघांनाही तो जाणवत नाही.

बाजाराची मराठी कान देऊन ऐकली तर या सहवासाचे वय कळते. हमाल, दलाल, माल, रक्कम, बाकी, वसूल, तगादा हे शब्द आपण परके मानत नाही. खरीप आणि रब्बी म्हटल्याशिवाय शेतकऱ्याचे वर्ष पुरे होत नाही. वकील, जामीन, तारीख, कैफियत याशिवाय कोर्ट चालत नाही. दख्खनीनेही तितकेच मराठीकडून घेतले. जोर देण्यासाठी शब्दाला लावायचा ‘च’ आणि नकार देताना म्हणायचा ‘नक्को’ या दोन गोष्टी लासूरपासून थेट हैदराबादपर्यंत ऐकू येतात, आणि उत्तरेच्या उर्दूत त्या नाहीत. दिल्ली-लखनौच्या उर्दूवाल्याला दख्खनी ऐकून हसू येते ते याचमुळे. तिच्या अंगात मराठी आहे.

सहाशे वर्षांचे शेजारी

लासूरहून पूर्वेला गाडी निघाली की पोटूळनंतर दौलताबाद येते. 1327च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे, देवगिरीला आणली. राजधानी टिकली नाही, पण तिच्याबरोबर आलेली सगळी माणसे परतली नाहीत. सैनिक, कारकून, सूफी, कारागीर इथेच राहिले. शेजारच्या खुलदाबादला बुऱ्हानुद्दीन गरीब यांची खानकाह उभी राहिली. दिल्लीच्या आसपासची बोली मराठी, कन्नड आणि तेलुगूच्या मुलखात रुजली आणि तिथे ती पुस्तकाची भाषा उत्तरेच्या आधी झाली. बहामनी, आदिलशाही आणि कुतुबशाही काळात दख्खनीत काव्य लिहिले गेले. दिल्लीत तेव्हा लेखणी फारसीची होती.

दौलताबादच्या किल्ल्यावरच जनार्दनस्वामींकडे पैठणचे एकनाथ शिकले. सोळाव्या शतकातल्या या संताने मराठीबरोबर दख्खनी हिंदीतही भारुडे रचली. ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेत दोन धर्मांची दोन माणसे आपापल्या बोलीत भांडतात, एकमेकांची उणी काढतात आणि शेवटी एकमेकांना मिठी मारतात. नाथांचे श्रोते दोन्ही बोली समजणारे होते, म्हणून हे शक्य झाले. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहितात, तेही याच समजुतीच्या बळावर.

पुढे औरंगाबाद मोगलांच्या दख्खनचे केंद्र झाले आणि इथल्या वलीने उर्दूचा इतिहास बदलला. 1667च्या सुमारास जन्मलेला हा कवी 1700मध्ये दिल्लीला गेला. बोलीतही इतकी प्रौढ गझल लिहिता येते हे दिल्लीच्या फारसीप्रेमी कवींनी त्याच्या रचनांमधून पाहिले आणि ते स्वतः त्या भाषेत लिहू लागले. त्याच्यामागून सिराज औरंगाबादी आला. उर्दू गझलेच्या जन्मकथेत आपल्या जिल्ह्याचे नाव पहिल्या पानावर आहे. मराठी शाळेत शिकलेल्या इथल्या मुलाला ते कुणी सांगत नाही, आणि हे नुकसान मराठी मुलाचेच आहे.

लासूरच्या पश्चिमेला रोटेगाव स्टेशन लागते. तिथून वैजापूर जवळ. उर्दूतले नामवंत कवी सिकंदर अली वज्द 1914मध्ये वैजापूरला जन्मले. न्यायाधीश म्हणून नोकरी केली, पुढे राज्यसभेचे सदस्य झाले, 1970मध्ये पद्मश्री मिळाली. अजिंठा आणि वेरूळ हे त्यांच्या कवितेचे विषय होते. बुद्धाच्या लेण्यांवर उर्दूत कविता लिहिणारा वैजापूरचा माणूस या मातीचा नाही असे म्हणायला मन धजावणार नाही.

जेव्हा उर्दू सत्तेवर होती

या सहवासाला कडवटपणा आला तो भाषेमुळे नव्हे, राज्यकारभारामुळे. 1880च्या दशकात, मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाने फारसी काढून उर्दूला राजभाषा केले. संस्थानात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कन्नड आणि उर्दू. उर्दू मातृभाषा असणारे फार तर आठांत एक. पण अर्ज, खटला, परीक्षा, बढती सारे त्या एका भाषेत.

त्यातली एक बाजू मोठ्या कर्तृत्वाची आहे आणि ती मान्य केली पाहिजे. 1918मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देऊन दाखवले. दारुल-तर्जुमा या भाषांतर विभागाने विज्ञान, वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी अशा विषयांची शेकडो पुस्तके उर्दूत आणली. मराठीतून वैद्यक शिकवता येईल का यावर आपण आजही वाद घालतो. हैदराबादने शंभर वर्षांपूर्वी तो प्रयोग केला होता. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मुख्यालय 1913 ते 1938 या काळात औरंगाबादेत होते आणि मौलवी अब्दुल हक तिचे चिटणीस होते. जुनी दख्खनी हस्तलिखिते शोधून त्यांनी इथून छापली. मराठीवर फारसीचा प्रभाव कसा पडला यावरही त्यांनी पुस्तिका लिहिली. उर्दूचा हा सर्वांत मोठा पुरस्कर्ता औरंगाबादेत बसून मराठीचा अभ्यास करत होता.

दुसरी बाजू मराठी घरांनी सोसली. माध्यमिक शिक्षण उर्दूतून. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी. सभा घ्यायची तर गश्ती निशान 53 हे परिपत्रक आडवे. औरंगाबादचे सरस्वती भुवन, 1921मध्ये निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, 1935ची अंबाजोगाईची योगेश्वरी या शाळा म्हणूनच मराठवाड्याला नुसत्या शाळा वाटत नाहीत. ती भाषेची ठाणी होती. 1938च्या वंदे मातरम चळवळीत औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजचे विद्यार्थी वसतिगृहातून काढले गेले, उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरही तीच वेळ आली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना आसरा दिला. आपल्याच गावात आपली भाषा दुय्यम ठरणे म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या मराठी माणसाने पुस्तकात वाचलेले नाही. त्याच्या आजोबांनी ते भोगले आहे.

तरीही त्या पिढीने उर्दूचा द्वेष केला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते. पुढे त्यांनी शिवकाळाचा इतिहास लिहिला आणि त्याच लेखणीने गालिब मराठी वाचकाच्या घरात पोचवला. संस्थानाविरुद्ध तुरुंगात गेलेल्या कितीतरी मराठी कार्यकर्त्यांच्या तोंडी उर्दू शेर असत. जुलमी सरकार आणि त्या सरकारची भाषा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

उर्दूच्या बाजूनेही हा फरक जाणणारे होते. हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवणारे शोएबुल्ला खान संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहीत राहिले. ऑगस्ट 1948मध्ये निजामसमर्थक रझाकारांनी त्यांचा खून केला. त्यांची भाषा निजामाची होती आणि निष्ठा स्वतःची. भाषेवरून निष्ठा ओळखणाऱ्यांनी हे एक नाव विसरू नये.

17 सप्टेंबरनंतर

13 सप्टेंबर 1948 रोजी ‘पोलीस कारवाई’ म्हणून भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. मराठवाड्यासाठी हा मुक्तीचा दिवस आहे आणि तो तसाच साजरा व्हायला हवा. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावेच्या गावे भयात ठेवली होती. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले तेही आपल्या इतिहासाचा भाग आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर दौरा करून अहवाल दिला. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतरच्या दंगलींत संस्थानभर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक. मेलेल्यांतले बहुतेक मुसलमान होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता. अहवाल पुढे कितीतरी दशके लोकांसमोर आला नाही.

अशा घावानंतर भाषा बदलली. कचेऱ्यांतून उर्दू गेली, उस्मानियातून गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1958मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र झाला आणि 1964च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा ठरली. मराठी माणसाला हक्काचे घर मिळाले. उर्दूत शिकलेल्या कारकुनाची, शिक्षकाची, वकिलाची विद्या मात्र दहा-बारा वर्षांत बाजारातून बाद झाली. ज्यांच्याजवळ पैसा आणि नाते होते ते हैदराबादला, कराचीला गेले. लासूरसारख्या गावातले कारागीर, शेतमजूर, छोटे व्यापारी कुठेच गेले नाहीत. निजामाच्या राज्यात त्यांना कधी मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली नव्हती, तरी त्या राज्याचा हिशेब त्यांच्याकडे मागितला गेला.

या माणसांना मराठी कुणाला शिकवावी लागली नाही. ती त्यांना आधीच येत होती. शेताच्या बांधावर, बाजारात, उरुसात आणि जत्रेत ती त्यांनी उचलली होती. जी येत नव्हती ती कागदावरची मराठी, अर्जाची, परीक्षेची मराठी. बोलण्यातले एकरूप होणे पूर्ण झाले होते. कागदावरचे राहून गेले, आणि पुढच्या पिढ्यांचे भवितव्य कागदावर ठरणार होते.

बाल्टिकच्या आरशात

एस्टोनिया आणि लाटविया यांनी 1991मध्ये स्वातंत्र्य परत मिळवले, तेव्हा त्यांच्यासमोर असाच पेच होता. सोव्हिएत काळात कारखान्यांत कामाला आलेल्या रशियनभाषकांची संख्या इतकी वाढली होती की 1989च्या गणनेत लाटवियात मूळ लाटवियन जेमतेम निम्म्यांहून थोडे अधिक भरले. दोन्ही देशांनी नागरिकत्व 1940पूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना दिले. उरलेल्यांना भाषेची परीक्षा. 1992मध्ये एस्टोनियातली सुमारे एक तृतीयांश माणसे नागरिकत्वाविना होती. लाटवियाने तर ‘अ-नागरिक’ असा वेगळा दर्जाच निर्माण केला. शेजारच्या लिथुआनियाने मात्र सरसकट सर्व रहिवाशांना नागरिकत्व देऊ केले, कारण तिथे रशियनभाषक कमी होते आणि धास्तीही कमी होती.

आपल्या आणि त्यांच्या स्थितीत मोठा फरक आहे. बाल्टिकमधले बहुतेक रशियनभाषक एका पिढीपूर्वी आलेले होते आणि त्यांतल्या अनेकांना स्थानिक भाषा येत नव्हती, कारण तिची कधी गरजच पडली नव्हती. एस्टोनियाच्या नार्वा शहरात आजही दहांतले नऊ लोक रशियन बोलतात. मराठवाड्यातले उर्दूभाषक सहाशे वर्षांपासूनचे, आणि मराठी बोलणारे. भारताने त्यांना परीक्षा घातली नाही. 26 जानेवारी 1950 रोजी तेही इतरांसारखेच नागरिक झाले. राज्यपुनर्रचनेबरोबरच 1956मध्ये घटनेत कलम 350-अ आले आणि अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर आली. आपल्या राज्यघटनेचा हा थोरपणा मान्य करायलाच हवा. भाषा ही प्रवेशपरीक्षा ठरली नाही.

रशियन भाषेच्या बाबतीत पुढे जे झाले ते आपल्याला दोन धडे देते. पहिला धडा युक्रेनचा. रशियनभाषकांच्या रक्षणाचे कारण सांगून रशियाने 2014मध्ये क्रिमिया घेतला आणि 2022मध्ये युद्ध पुकारले. त्या युद्धात रशियन मातृभाषा असलेले हजारो युक्रेनी रशियाविरुद्ध लढले. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की स्वतः रशियनभाषक घरातले. शेजारी देशाची भाषा बोलणारा माणूस त्या देशाचा असतो, हा समज रणांगणावर खोटा ठरला. आपल्याकडे उर्दूकडे पाहताना पाकिस्तान आठवणाऱ्यांनी हेही आठवावे की पाकिस्तानची बहुसंख्य जनता बंगाली बोलत होती आणि तिच्यावर उर्दू लादण्याविरुद्ध 21 फेब्रुवारी 1952 रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांनी रक्त सांडले. उर्दूचा जन्म आणि तारुण्य या देशातले आहे. वलीचे औरंगाबाद कोणत्या देशात आहे हे नकाशाच सांगतो.

दुसरा धडा शाळेचा. लाटवियाने 2023पासून आणि एस्टोनियाने 2024पासून रशियन माध्यमाच्या शाळा टप्प्याटप्प्याने राष्ट्रभाषेत नेण्यास सुरुवात केली. तीस वर्षे दोन शाळा, दोन वाहिन्या, दोन वर्तमानपत्रे अशी दोन जगे शेजारी शेजारी वाढली. राज्यभाषा नीट शिकवणारे पुरेसे शिक्षक वेळेवर तयार केले गेले नाहीत, आणि मग युद्धाच्या सावलीत घाईने निर्णय झाला. ज्या मुलांना भाषा शिकवायची होती त्यांना ती शिक्षेसारखी वाटू लागली.

सुलभभारतीचा प्रश्न

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 75 लाखांहून अधिक लोकांनी उर्दू मातृभाषा सांगितली. देशभरात हा आकडा 2001च्या तुलनेत घटला. सुमारे 5 कोटी 15 लाखांवरून 5 कोटी 8 लाखांपर्यंत. राज्यात जिल्हा परिषदांच्या आणि खासगी उर्दू शाळा आहेत, बालभारती उर्दूतून सर्व विषयांची पुस्तके छापते. इतर कितीतरी राज्यांकडे पाहिले की ही व्यवस्था किती चांगली आहे हे कळते. औरंगाबादमधून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरमधून, ‘औरंगाबाद टाइम्स’सारखी उर्दू दैनिके निघतात. शहराच्या मोहल्ल्यांत 2021पासून मुलांची छोटी वाचनालये सुरू झाली आणि तिथे उर्दूशेजारी मराठी-हिंदी पुस्तकेही ठेवली गेली. बशर नवाज यांच्यासारखा याच शहरातला कवी हिंदी चित्रपटात गाजला, काझी सलीम कवी होते आणि औरंगाबादचे खासदारही.

खरी गाठ वेगळ्या जागी आहे. मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात ‘बालभारती’ असते, उर्दू माध्यमाच्या मुलाच्या हातात ‘सुलभभारती’. पुस्तक सोपे असणे योग्यच आहे. पण पुष्कळ उर्दू शाळांत मराठी शिकवायला मराठीचा शिक्षक नसतो. जो उपलब्ध असतो तोच दुसऱ्या विषयाबरोबर मराठीही उरकतो. मूल बाजारात मराठी सफाईने बोलते आणि परिच्छेद लिहायला बसले की अडखळते. दहावीनंतर पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा यांच्या परीक्षांत लिखित मराठीशिवाय इलाज नाही. मग आईबाप दोन वाटा धरतात. ऐपत असेल तर मूल इंग्रजी माध्यमात जाते आणि उर्दू लिपी सुटते. ऐपत नसेल तर मूल दहावीनंतर गॅरेजवर, मजुरीवर किंवा दुकानात लागते. पहिल्या वाटेने उर्दू जाते, दुसऱ्या वाटेने मूल जाते. दोन्हीत मराठीचे काही भले होत नाही.

2020मध्ये राज्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. हा कायदा योग्य आहे. महाराष्ट्रात राहून मराठी लिहिता-वाचता न येणे हे त्या मुलावरच अन्याय करणारे आहे. पण सक्ती करणाऱ्या सरकारने शिक्षक देण्याचीही सक्ती स्वतःवर घ्यावी. प्रत्येक उर्दू शाळेत मराठीत पदवी घेतलेला, दुसरी भाषा शिकवण्याचे प्रशिक्षण असलेला एक शिक्षक, एवढी मागणी खर्चिक नाही. इथे डॉ. यू. म. पठाण यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, संतसाहित्याचे अधिकारी अभ्यासक आणि 1990च्या पुण्यातल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. महानुभाव पोथ्या आणि फारसी शब्द दोन्ही सारख्याच सहजतेने उलगडणारा हा माणूस मराठीचा किती मोठा आधार होता. असे दहा पठाण घडवायचे तर वर्गात चांगला मराठीचा गुरुजी उभा असावा लागतो.

मराठी माणसाच्या बाजूचे काम

मिसळण्याचे सारे ओझे अल्पसंख्य भाषकावर टाकले तर ते मिसळणे राहत नाही, पुसले जाणे होते. आपल्या बाजूनेही काही देणे आहे.

बेळगावचा मराठी माणूस मराठी शाळा मागतो, मराठी फलक मागतो, मराठीत सरकारी कागद मागतो. आपण त्याच्या पाठीशी उभे आहोत आणि उभे राहिले पाहिजे. 2004पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा चालू आहे. हीच मागणी अकोला जिल्ह्यातल्या पातूरच्या नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू लिहिण्याची असते, तेव्हा तीच मोजपट्टी लावायची असते. 15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फलक कायम ठेवला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हे स्पष्ट केले. निकाल वाचून मराठी माणसाने समाधान मानायला हवे, कारण बेळगावच्या हक्काचे समर्थन याच तर्काने होते. त्याच वर्षी जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचे निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, कारण वरून लादलेली भाषा मराठी समाजाने स्वीकारली नाही. लादण्याचे दुःख ज्याला कळते त्याने दुसऱ्याच्या भाषेला अभय द्यावे, यात उपकार काही नाही, सुसंगती आहे.

आणि मग ती दप्तरे. मराठवाड्याचा कितीतरी दशकांचा जमीन महसूल, इनामांचे मुंतखब, फसली सनातल्या नोंदी, न्यायालयांचे निकाल हा सारा मराठी समाजाचा ठेवा उर्दूत बंद आहे. त्याची गरज पडली की आपण घाईने वाचक शोधतो. विद्यापीठाच्या इतिहास आणि मराठी विभागात मोडीबरोबर उर्दू लिपीचा नियमित अभ्यासक्रम असावा, पुराभिलेखात उर्दू जाणणाऱ्या तरुणांना कायम जागा असाव्यात, हे दरवेळी आंदोलन पेटल्यावर सुचायची गोष्ट नाही. या जागांवर उर्दू शाळेत शिकलेली, मराठी नीट लिहिणारी मुले-मुली येतील. त्यांच्या दोन भाषा मिळून राज्याचे एक काम करतील. लिपी शिकायला काही महिने लागतात. शब्द तर मराठी मुलाला अर्धे आधीच येतात.

गोरमाटीसारख्या भाषेचीही इथे आठवण करून देणे भाग आहे. तिच्या बाजूने कधी कुठले राज्य नव्हते. जनगणना ती बोलणाऱ्यांना लमाणी-लंबाडी म्हणून हिंदीच्या खात्यात टाकते. लासूरच्या बाजारात ती रोज ऐकू येते आणि शाळेच्या फाटकाशी थांबते. उर्दूला निदान पुस्तके आहेत. तांड्यावरच्या मुलाला पहिलीत समोर येते ती तिसरीच भाषा. मातृभाषेचा हक्क सत्ता गमावलेल्या भाषेला आणि सत्ता कधीच न मिळालेल्या भाषेला सारखाच लागू आहे.

मराठीला ऑक्टोबर 2024मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. राज्य तिचे आहे, विद्यापीठे तिची आहेत, बाजार तिचा आहे. अशा भाषेला शेजारच्या भाषेची भीती वाटण्याचे कारण उरलेले नाही. निजामाने सत्ता हाती असताना मराठीला दुय्यम ठेवले आणि चौथा हिस्सा प्रजा गमावली. आज सत्ता आपल्या हाती आहे. लासूर स्टेशनच्या उर्दू शाळेतल्या मुलीला उत्तम मराठी लिहिता यावी, ती तलाठी व्हावी, आणि तिच्या मराठी मैत्रिणीला आपल्या पणजोबांचा उर्दू महसुली कागद स्वतः वाचता यावा. मराठी राज्याचे वेगळेपण दाखवायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.